भेंडीचा ठसा, खाकी कागद आणि नाताळचं ताट

डिसेंबर लागला की बेळगावच्या खडेबाजारात आणि गणपत गल्लीत दिवाळीच्या आकाशकंदिलांची जागा चांदण्या घेतात. म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारांत तर त्याआधीच नाताळचं सामान मांडलेलं असतं. शेजारी ताट पाठवायचं असो, ऑफिसात 'सिक्रेट सांता'ची चिठ्ठी निघालेली असो, नाहीतर मुलांच्या शाळेत कुणाला काही द्यायचं असो, भेट ठरली की पुढचा प्रश्न येतोच: हे गुंडाळायचं कशात?

बहुतेक जण हा प्रश्न दुकानदारावर सोडून मोकळे होतात. लाल चकचकीत कागद, चार बाजूंनी सेलोटेप, वर तयार रिबनचं फूल, काम संपलं. अशा दहा भेटी शेजारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाकडून आली हे चिठ्ठी वाचल्याशिवाय कळत नाही. आणि ज्या कागदावर आपण पैसे घातले, तो घेणाऱ्याच्या घरात एक मिनिटसुद्धा टिकत नाही. टराटर फाडला की थेट कचऱ्यात.

यावर उपाय महागडा कागद नाही. आपली खास शैली म्हणजे काहीतरी भारी, इंटरनेटवर बघून केलेलं, असंही नाही. आपल्या घरात जे आधीपासून आहे, आपल्या हाताला जे येतं आणि घेणाऱ्याच्या घरात जे पुढे वापरलं जाईल, ते आवरण म्हणून वापरलं की शैली आपोआप येते. कशी, ते पुढे सविस्तर बघू.

ताट जातं, ताट येतं

'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. गोव्यात नाताळला शेजारीपाजारी मिठाईचं ताट पाठवायची जी पद्धत आहे, तिचं नावही पोर्तुगीजच: कोन्सुआदा. पोर्तुगालमध्ये हा शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी वापरतात. गोव्यात तो ताटावर येऊन बसला. ताटात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, दोस, बेबिंका असं काय काय असतं. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत याच फराळाला कुस्वार म्हणतात.

हे ताट फक्त ख्रिस्ती घरांत फिरत नाही. दिवाळीत ज्या घरी आपला चिवडा, चकली, करंजी गेलेली असते, त्या घरून नाताळला नेवऱ्या येतात. करंजी आणि नेवरी या सख्ख्या बहिणीच. गोव्यात हे सर्रास चालतं, आणि बेळगावच्या कॅम्पात किंवा कारवारकडे ज्यांचे शेजारी ख्रिस्ती आहेत, त्यांनाही यात नवं काही वाटणार नाही.

या ताटावर पूर्वी कागद नसायचा. क्रोशाचा किंवा भरतकामाचा रुमाल झाकलेला असायचा. ताट कुणाकडून आलं ते रुमालावरून कळायचं, कारण ती वीण, तो टाका त्या घरातल्या बाईच्या हातचा. रुमाल आणि ताट दोन्ही परत जायचं. आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, म्हणून त्यात निदान चिमूटभर साखर तरी पडायची. म्हणजे 'झिरो वेस्ट' आणि 'पर्सनल टच' या ज्या दोन गोष्टी आज शिकवल्या जातात, त्या दोन्ही या ताटात होत्या. फक्त त्यांना नाव नव्हतं.

चकचकीत कागद आला कुठून?

भेटीला छापील रंगीत कागद गुंडाळायची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भेटी साध्या टिश्यू पेपरमध्ये बांधत. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला टिश्यू संपला. तेव्हा त्यांनी पाकिटांना आतून लावायचे फ्रेंच नक्षीदार कागद काउंटरवर ठेवले. ते हातोहात खपले. पुढे त्यांनी असे कागद स्वतःच छापायला घेतले. 'हॉलमार्क' ही कंपनी ती हीच. १९३० मध्ये थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्र्यू यांनी पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली आणि सुतळी, लाख, गाठ यांची गरजही संपली.

म्हणजे आज आपण ज्याला नाताळची परंपरा समजतो, ती एका दुकानात माल संपल्यामुळे सुरू झालेली सोय आहे. ती पाळलीच पाहिजे असं काही नाही.

आधी नियम समजून घ्या

१ जुलै २०२२ पासून देशभर काही एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्या यादीत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म आहे, तसंच सजावटीचं थर्माकोलही आहे. नियम केंद्राचा आहे, त्यामुळे बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही राहत असलात तरी तो लागू आहे. मिठाईच्या डब्यावर वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायची आपली सवय आणि गोठ्याच्या देखाव्याला थर्माकोलचा बर्फ, या दोन्ही गोष्टी आता सोडाव्या लागतील.

गिफ्ट पेपर कागदाचा आहे की प्लास्टिकचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. तुकडा मुठीत घट्ट चुरगाळा आणि हात उघडा. चुरगळलेलाच राहिला तर तो कागद. हळूहळू उलगडून परत पसरला तर त्यात प्लास्टिक किंवा धातूचा थर आहे, तो रद्दीवाला घेणार नाही. चमकी लावलेला कागदही टाळा. ती चमकी सहसा प्लास्टिकचीच असते आणि घरभर पसरते ती वेगळीच.

जुनं वर्तमानपत्र बाहेरून गुंडाळायला उत्तम, पण खाण्याच्या पदार्थाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नका. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं अन्नात उतरतात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असं वेळोवेळी बजावलं आहे. डबा बंद असेल तर बाहेरून पेपर चालेल. नेवरी सरळ पेपरात नको.

वह्यांना कव्हर घातलंय ना? मग हे जमेलच

जूनमध्ये मुलांच्या वह्या-पुस्तकांना खाकी कव्हरं घातलेल्या हाताला भेट गुंडाळायला वेगळं शिकावं लागत नाही. फक्त माप आधी घ्यायचं, कात्री नंतर. बहुतेकांचा कागद वाया जातो तो अंदाजाने कापल्यामुळे.

समजा डबा २० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि ६ सेंमी उंच आहे. डब्याला आडवा फेरा मारायला रुंदी आणि उंची दोनदा लागते: १५ आणि ६ मिळून २१, त्याचे दुप्पट ४२. वर एकमेकांवर चढायला ३ सेंमी, म्हणजे ४५. दुसऱ्या बाजूला डब्याची लांबी २०, आणि दोन्ही टोकांना मिळून उंचीच्या दीडपट, म्हणजे ९. झाले २९. तर कागद हवा ४५ बाय २९ सेंमी. टोकांना यापेक्षा जास्त कागद ठेवला तर घड्या जाड होतात आणि भेट बोचक्यासारखी दिसते.

केकचा डबा चौकोनी असतो. तिथे कागद तिरका ठेवायची पद्धत चांगली. डब्याचा एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण मोजा, त्यात उंचीची दीडपट मिळवा. २० सेंमी चौकोनी आणि ५ सेंमी उंच डब्याला कर्ण साधारण २८.५ सेंमी, त्यात साडेसात मिळवले की ३६. तर ३६ सेंमीचा चौकोनी कागद पुरतो. कागदाचे चार कोपरे डब्याच्या चार बाजूंसमोर येतील असा डबा मधोमध ठेवा आणि एकेक कोपरा वर घ्या. चारही टोकं मध्यावर भेटतात, सुतळीने बांधली की झालं. सेलोटेप लावायचीही गरज नाही.

सेलोटेप शक्यतो टाळायचं आणखी एक कारण आहे. गाठ सोडून कागद उघडला की तो फाटत नाही. घडी घालून पुन्हा वापरता येतो. आपल्या घरांत गादीखाली दाबून ठेवलेले कागद कुणी पाहिले नाहीत?

भेंडी कापा, चांदणी तयार

साधा खाकी कागद बघायला रुक्ष वाटतो हे खरं. त्यावर शाळेत शिकलेली कला वापरा: भेंडीचे ठसे. भेंडीला बहुधा पाच कडा असतात. देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापली की कापलेल्या तोंडाचा आकार पाच टोकांच्या चांदणीसारखा दिसतो. नाताळला आणखी काय हवं?

भेंडी जरा जून घ्या, कोवळी दाबली की चेपते. कापल्यावर तोंड फडक्याने पुसून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, नाहीतर बुळबुळीमुळे रंग पसरतो. बशीत पांढरा पोस्टर कलर घट्टसर काढा, त्यावर स्पंजचा किंवा जुन्या कापडाचा तुकडा ठेवा आणि भेंडी त्यावर टेकवून कागदावर उमटवा. थेट रंगात बुडवली तर पहिला ठसा डाग होऊन बसतो. खाकीवर पांढरा रंग सगळ्यात खुलतो. लाल आणि गडद हिरवाही छान दिसतो. कागद आधी मापाने कापून घ्या, ठसे मारा, तासभर वाळू द्या आणि मगच गुंडाळा.

हे काम मुलांना द्या. ठसे वाकडेतिकडे येतील, एखादा अर्धाच उमटेल. येऊ द्या. आजी-आजोबांच्या हातात पडणारा तो कागद फाडून टाकला जाणार नाही, एवढं नक्की.

दिवाळीच्या कंदिलाचे पतंगी कागद उरलेत का? त्यांच्या अर्धा इंच रुंद पट्ट्या कापून कागदावरून पट्टा बांधतो तशा लावा. संत्र्याच्या पातळ चकत्या किंवा दालचिनीची कांडी सुतळीच्या गाठीत अडकवली तर वासही दरवळतो. चकत्या दोन-चार दिवस कडक उन्हात वाळवून घ्या, ओल राहिली तर बुरशी येते. घरच्या अंगणात झेंडू, अबोली असेल तर भेट नेण्याच्या दिवशीच फूल खोचा. फुलपुडी बांधणारे केळीच्या सोपटाने बांधतात, ते मिळालं तर रिबन कशाला हवी?

आपल्या गावचं कापड, आपली गाठ

कागदापेक्षाही पुढची पायरी म्हणजे कापड. जपानात भेट चौकोनी कापडात बांधायच्या पद्धतीला फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कचरा कमी व्हावा म्हणून ही जुनी पद्धत पुन्हा लोकांसमोर आणली. आपण त्याला गाठोडं म्हणतो आणि आपल्याला त्याची लाज वाटते, इतकाच फरक.

आपल्याकडे यासाठी सगळ्यात सोयीचं कापड म्हणजे ब्लाऊज पीस. ओटीत आलेले, घडीही न मोडलेले ब्लाऊज पीस घराघरांत या कपाटातून त्या कपाटात फिरत असतात. त्यांना एकदा काम द्या. कापड चौकोनी करून घ्या, कडा दुमडून शिवा. मापाचा अंदाज असा: कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट हवा. ८० सेंमी चौकोनी कापडाचा कर्ण ११३ सेंमीच्या आसपास भरतो, म्हणजे ३५ सेंमीपर्यंतची वस्तू त्यात आरामात बसते.

वस्तू तिरकी मधोमध ठेवा. जवळचं टोक वस्तूवरून पलीकडे घेऊन खाली खोचा, पलीकडचं टोक अलीकडे आणा. उरलेली दोन टोकं वर आणून गाठ मारा. पहिल्या वेळी उजवं टोक डाव्यावरून घ्या, दुसऱ्या वेळी डावं टोक उजव्यावरून. अशी गाठ सपाट बसते आणि घट्ट राहते. दोन्ही वेळा एकाच बाजूने मारली तर ती तिरकी दिसते आणि वाटेत सुटते.

कापड कुठलं घ्यायचं? इथेच राज्याराज्यांत विखुरलेल्या आपल्या लोकांची चैन आहे. बेळगाव-बागलकोटकडच्यांकडे गुळेदगुड्डचा खण आहे, त्याचे काठ गाठीवर आले की दुसरी सजावट लागतच नाही. गोव्यात कुणबी साडीची लाल चौकट आहे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी पुन्हा चर्चेत आणली. नाताळच्या लाल रंगाला यापेक्षा अस्सल गोव्याचा जोड सापडणार नाही. इंदूरकरांना अहिल्याबाईंच्या महेश्वरची किनार, ग्वाल्हेरकरांना चंदेरीचा पातळ पोत, बडोद्याला बांधणी, हैदराबादला पोचमपल्लीचं इक्कत. नवं कापड विकत घ्यायला हवं असं नाही. विरलेल्या साडीचे काठ धड असतात, त्यांची पट्टी रिबन म्हणून वापरा. आईच्या किंवा सासूबाईंच्या साडीचा काठ घरातलेच लोक ओळखतात. त्यांच्यासाठी ती पट्टी आतल्या भेटीपेक्षा मोठी ठरते.

खाऊ देताना एवढं बघा

ताट सजवताना आधी पदार्थाचा विचार, मग दिसण्याचा. नेवऱ्या, कुलकुल हे कुरकुरीत पदार्थ घट्ट झाकणाच्या डब्यात हवेत. उघड्या ताटात ते संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. दोदोल तेलकट आणि चिकट असतो, त्याच्याखाली बटर पेपर किंवा शेकवून घेतलेलं केळीचं पान घाला. एका डब्यात ओला आणि कोरडा पदार्थ एकत्र ठेवू नका. प्लास्टिकच्या ट्रेऐवजी सुपारीच्या विरीपासून केलेल्या ताटल्या किंवा सरळ घरातलं स्टीलचं ताट वापरा.

आणि एक गोष्ट आवर्जून लिहा: अंडं आहे की नाही. बेबिंकात अंड्याचा बलक असतो, बऱ्याच केकमध्ये आणि बिस्किटांत अंडं असतं. दोदोल तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाचा. शाकाहारी शेजारी संकोचाने विचारत नाहीत आणि मग ताट तसंच पडून राहतं किंवा मोलकरणीला जातं. दोन शब्दांच्या चिठ्ठीने हा संकोच टळतो. आपण कुंदा किंवा लाडू परत पाठवतो तेव्हाही कधी केला, किती दिवस टिकेल, हे लिहिलं तर बरं.

चिठ्ठीवर नाव कुठल्या लिपीत?

शेवटी नावाची चिठ्ठी. छापील 'मेरी ख्रिसमस'चं लेबल लावू नका. जुन्या लग्नपत्रिकेचा कोरा भाग कापा, पंचिंग मशीनने भोक पाडा आणि सुतळीत ओवा.

त्यावर आपलं नाव आपल्या मराठीत लिहा. घेणाऱ्याचं नाव मात्र त्यांच्या लिपीत लिहून बघा. गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत कोंकणी रोमी लिपीत वाचली जाते. बेळगावात शेजारी कन्नड वाचणारे असतील, हैदराबादेत तेलुगू, बडोद्यात गुजराती. येत नसेल तर मुलांना विचारा, त्यांना शाळेत ती लिपी शिकावीच लागते. पाट्यांवर कुठली भाषा असावी यावरून आपल्या भागात किती वर्षं काय काय झालं, ते वाचकांना सांगायला नको. तो प्रश्न आपल्या जागी आहे आणि तो सुटेल तेव्हा सुटेल. पण शेजाऱ्याचं नाव त्याच्या अक्षरांत लिहिल्याने आपली मराठी एक काना-मात्राही कमी होत नाही. उलट त्याच चिठ्ठीवर खाली आपलं नाव देवनागरीत असतं आणि पुढच्या दिवाळीच्या ताटाबरोबर तो ते वाचायला शिकलेला असतो.

अजून वेळ आहे

२५ तारीख हुकली तरी बिघडत नाही. बायबलमधल्या कथेप्रमाणे बाळ येशूसाठी सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले, त्यांचा सण ६ जानेवारीला असतो. गोव्यात रेइश मागूश, चांदोर आणि कासावलीजवळच्या कुएलीला तो मोठ्या थाटात होतो. नाताळच्या भेटी तोवर देता येतात.

आज एवढंच करा. कपाटातला एक ब्लाऊज पीस, खाकी कागदाची एक गुंडाळी, सुतळी आणि भाजीतली एक जून भेंडी बाजूला काढून ठेवा. आणि ज्यांच्याकडून गेल्या वर्षी ताट आलं होतं, त्यांचं ताट अजून आपल्याच मांडणीवर नाही ना, तेही बघा. असेल तर यंदाची भेट कशात द्यायची हा प्रश्न सुटला. रिकामं तेवढं देऊ नका.